डोक्यावर किती आहे? अलिबाग ते गगनबावडा, एका पेटीसोबत

शनिवार, अलिबाग

पेटीची ओळख आधी करून देतो, कारण पुढचे सगळे दिवस गाडीत पुढची सीट तिचीच होती. पंधरा सेंटीमीटर लांबी-रुंदीच्या दोन प्लास्टिकच्या पाट्या, एकीवर एक. हे साधं प्लास्टिक नव्हे. विद्युतभारित कण त्यातून गेला की ते क्षणभर चमकतं. ती चमक डोळ्यांना दिसत नाही, पण पाटीच्या कडेला चिकटवलेल्या नखाएवढ्या सेन्सरला दिसते. बाहेरचा उजेड शिरू नये म्हणून पाट्यांना आधी अॅल्युमिनियम फॉइल आणि वर काळी टेप गुंडाळलेली. दोन्ही पाट्या एकाच वेळी चमकल्या तरच आकडा एकने पुढे सरकतो आणि बारीकसा बीप वाजतो. दगडामातीतल्या किरणोत्सर्गामुळे एखादी पाटी एकटीच चमकते, ती धरायची नाही. ही 'दोघींनी एकदम साक्ष दिली तरच खरं' अशी जोडणी ब्रूनो रोसी या भौतिकशास्त्रज्ञाने १९३० मध्ये केली, आणि वैश्विक किरणांचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांचा, अभ्यास खऱ्या अर्थाने तिथून मार्गी लागला. आमची जोडणी माझ्या भाच्याची. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सोल्डरिंगला हात चांगला आहे, आणि गाडीही तोच चालवणार होता.

मोजायचे होते म्युऑन. अवकाशातून येणारे प्रोटॉन वातावरणात वर, साधारण पंधरा किलोमीटरवर, हवेतल्या अणुकेंद्रांवर आदळतात. त्यातून पायॉन नावाचे कण निघतात आणि ते क्षणार्धात फुटून म्युऑन तयार होतात. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचाच २०७ पट जड भाऊ. १९३६ मध्ये अँडरसन आणि नेडरमायर यांना तो सापडला. त्याचं आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाशाच्या वेगानेही जेमतेम ६६० मीटर कापून होतील. मग तो पंधरा किलोमीटर उतरून अलिबागच्या वाळूवर पोचतो कसा? वेगामुळे त्याचं घड्याळ आपल्या दृष्टीने मंद चालतं म्हणून. अशा कणाच्या ऱ्हासातून सापेक्षतावादाचा थेट पडताळा घेता येईल, हे १९३८ मध्येच लिहून ठेवणाऱ्या माणसाचं नाव होमी भाभा. वर्गात हे सांगितलं की मुलं वहीत लिहून घेतात आणि विसरतात. बीप ऐकवला तर विसरणार नाहीत, असा माझा कयास आहे.

अलिबागपासून सुरुवात करण्याला कारण होतं. मुंबईत ट्राम विजेवर धावणार असं ठरल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार हे उघड होतं. म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला आणलं. आत जायची परवानगी आमच्याकडे नव्हती, तेव्हा बाहेरूनच कंपाउंड पाहिलं. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आमच्या पेटीशी थेट संबंध आहे, पण ते गणेशगुळ्याला सांगतो.

संध्याकाळी घरमालकांच्या परसात पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, वर जाळ. ती शिजेपर्यंत अंगणात पेटी लावली. समुद्रसपाटीला मोकळ्या आभाळाखाली मिनिटाला सव्वाशेच्या आसपास. तळहाताएवढ्या जागेतून मिनिटाला शंभरेक कण जातात, म्हणजे पोपटी खाईस्तोवर प्रत्येकाच्या अंगातून लाखांनी गेले. यजमानांनी फक्त विचारलं, "रात्री कमी होतात का?" नाही होत. सूर्याचा इथे फारसा संबंध नाही.

रविवार, जेट्टी ते जेट्टी

दिवसभर प्रवास. मुरूड, आगरदांडा, तिथून गाडीसकट बोटीने दिघी, श्रीवर्धन, बागमांडल्याला पुन्हा बोट, वेसवीला उतरून दापोली. बोटीवर भाच्याने पेटी चालू ठेवली होती. आकडा अलिबागचाच. रस्त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

सोमवार, पन्हाळेकाजी

दापोलीहून कोटजाई नदीच्या खोऱ्यात उतरलं की कातळात एका ओळीने खोदलेली लेणी दिसतात. एकूण २९. सुरुवात बौद्धांची, पुढे वज्रयान, मग शिलाहारांच्या काळात शैव आणि गाणपत्य, शेवटी नाथपंथ. हजारेक वर्षं लोक इथे येऊन खोदत राहिले आणि आज सकाळी अकरा वाजता आम्ही दोघं, राखणदार आणि दोन कुत्री. अजिंठा-वेरूळच्या रांगेत उभं राहणारा हा कोकणी माणूस लेणी म्हटलं की पहिल्यांदा औरंगाबादचं तिकीट काढतो, हे मला कधी कळलेलं नाही.

राखणदाराला पेटी उघडून दाखवली. खिळा ठोकायचा नाही, काही चिकटवायचं नाही, फक्त जमिनीवर ठेवायची, एवढं पटल्यावर तो स्वतःच "आतल्या खोलीत ठेवा, तिथं सपाट आहे" म्हणाला.

इथे आल्याचा हेतू साधा होता. म्युऑन वस्तूतून जाताना ऊर्जा गमावत जातो. काळ्या कातळात मीटरमागे साधारण अर्धा जीईव्ही, म्हणजे पन्नास कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. जमिनीवर पोचलेल्या म्युऑनची सरासरी ऊर्जा असते चार जीईव्ही. म्हणजे सरासरी म्युऑन सात-आठ मीटर कातळात संपणार. जो त्याहून जोरकस, तोच खाली उतरणार. खाली किती उतरले ते मोजा, म्हणजे वर किती दगड आहे ते कळतं. छताला हात न लावता छताचं वजन.

पण लेणं म्हणजे बंद खोली नव्हे, आणि पहिल्या अर्ध्या तासात तेच समोर आलं. ओसरीत, खांबांच्या रांगेजवळ, आकडा साठ-सत्तर. आतल्या खोलीत पस्तीसच्या आसपास. डोक्यावरचा कातळ दोन्हीकडे जवळपास तेवढाच, मग दुप्पट फरक का? कारण म्युऑन फक्त सरळ वरून येत नाहीत. तिरकेही येतात, आणि ओसरीला समोरचं अर्धं आभाळ उघडं आहे. जसजसा कोन कलतो तसतसे ते कमी होतात. क्षितिजाकडून तर नगण्य, पण पंचेचाळीस अंशांवरून उभ्याच्या निम्मे येतातच. मग आम्ही पाट्यांमधलं अंतर वाढवलं. दोन्ही पाट्यांतून जाणारा कण आता जवळपास उभाच हवा. आकडे पडले, मोजायला वेळ दुप्पट-तिप्पट लागू लागला, पण ओसरी आणि खोली बऱ्यापैकी एका पातळीवर आली. त्यावरून भाच्याने वहीत डोक्यावरचा कातळ काढला, आठ ते अकरा मीटर. बाहेर जाऊन डोंगराचा उतार नजरेने मापला तर अंदाज तेवढाच येत होता.

हेच काम लुईस अल्वारेझ या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात इजिप्तमध्ये केलं. खाफ्रेच्या पिरॅमिडखालच्या दालनात त्याने यंत्र बसवलं, वर कुठे गुप्त खोली असेल तर त्या दिशेने म्युऑन जास्त येतील या हिशेबाने. आले नाहीत. खोली नाही, असं १९७० मध्ये छापलं. नाही म्हणणं हेही उत्तरच. पुढे २०१७ मध्ये शेजारच्या खुफूच्या पिरॅमिडमध्ये याच पद्धतीने निदान तीस मीटर लांबीची पोकळी दिसली. त्यात जपानी गटाने जी उपकरणं ठेवली त्यांत फोटोफिल्मसारख्या पाट्याही होत्या: वीज नको, नुसत्या ठेवून द्यायच्या आणि काही महिन्यांनी धुवायच्या. आपल्याकडे सह्याद्रीत इतकी लेणी, इतके भुयारांचे किस्से. प्रत्येक किल्ल्याखालून एक भुयार थेट दुसऱ्या किल्ल्यावर निघतं असं प्रत्येक गावात सांगतात. एखाद्यावर कुणी दोन पाट्या ठेवून पाहायला हरकत नाही.

मंगळवार, खेड ते रत्नागिरी

भाचा गाडी घेऊन महामार्गाने, मी पेटी घेऊन पॅसेंजरने. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत आणि उक्षी-भोकेच्या मधला करबुड्याचा त्यांत सर्वात लांब, साडेसहा किलोमीटर. २०१३ मध्ये काश्मीरचा पीर पंजाल बोगदा सुरू होईपर्यंत तो भारतातला सर्वात लांब रेल्वे बोगदा होता.

डब्यात गर्दी बेताची होती. तारा बाहेर आलेली पेटी मांडीवर घेऊन बसलो तर लोक बघणारच. तिकीट तपासनिसाने बघितलं, मी कॉलेजचं ओळखपत्र पुढे केलं, तो "प्रोजेक्ट का?" म्हणून पुढे गेला. समोर संगमेश्वरला माहेरी आलेली एक मावशी आणि तिचा सातेक वर्षांचा नातू. नातवाला बीप आवडला. लहान बोगदे येत-जात होते. त्यात आकडा पडायचा आणि बाहेर आलं की वर यायचा, आणि नातवाच्या ते आमच्या आधी ध्यानात आलं. बोगदा आला की तो बोटं मोजायला घ्यायचा.

उक्षी सोडली आणि करबुडे लागला. पहिलं अर्धं मिनिट अधूनमधून बीप. मग विरळ. मग नाहीच. खडखडाट, खिडकीतून ओला गार वारा, आणि पेटी गप्प.

"बंद पडलं काय तुमचं?" मावशीने विचारलं.

"नाही मावशी, चालू आहे. वरून काही येत नाहीये."

"डोंगर हाय ना वर," ती म्हणाली, आणि माझं व्याख्यान वाचलं.

आकडा एकही न सरकता चार मिनिटं गेली. आता शून्यावरून काय काढणार? थोडं काढता येतं. सरासरी तीन अपेक्षित असतील तर एकही न येण्याची शक्यता शंभरात पाच. तेव्हा चार मिनिटांत शून्य म्हणजे खरा दर मिनिटाला पाऊण याच्या वर नसणार, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. उघड्यावर सव्वाशे, इथे पाऊणपेक्षा कमी. डोक्यावर नक्की किती मीटर आहे हे आमची पेटी सांगू शकत नाही. कमीत कमी किती असणार एवढं सांगते. नेमकं हवं असेल तर गाडी आत उभी करून एक-दोन दिवस बसावं लागेल, आणि त्याला कोकण रेल्वे तयार होणार नाही.

हे शून्य किती मोलाचं असू शकतं ते कोलारला कळलं होतं. तिथल्या सोन्याच्या खाणीत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भाभांनी बी. व्ही. श्रीकंतन यांना म्युऑन मोजायला उतरवलं. टाटा इन्स्टिट्यूटची मंडळी पुढे खोल खोल जात राहिली, आणि सुमारे पावणेतीन किलोमीटर खाली दोन महिने उपकरण चालवूनही एकसुद्धा म्युऑन आला नाही. दुसरा कुणी 'प्रयोग निष्फळ' म्हणून वर आला असता. यांनी उलटा विचार केला. वरून येणारी सगळी गडबड जिथे थांबते, तिथे न्यूट्रिनो दिसण्याची सोय झाली. न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला कण, डोंगरच काय, अख्खी पृथ्वी ओलांडून जातो. क्वचित एखादा यंत्राजवळच्या खडकात आदळून म्युऑन सोडतो. असा म्युऑन आडवाही येऊ शकतो, आणि त्या खोलीवर आडवा आलेला वरच्या हवेतला असणं शक्य नाही. १९६५ मध्ये भारतीय, जपानी आणि ब्रिटिश गटाने सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर वातावरणातले न्यूट्रिनो पकडले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ राइन्सच्या गटालाही ते दिसले. जगात पहिल्यांदा.

त्या कोलारचं पुढे काय झालं? खाण परवडेनाशी झाली आणि प्रयोग १९९० च्या दशकात गुंडाळावे लागले. तामिळनाडूत थेणीजवळच्या डोंगरात किलोमीटरभर खडकाखाली पन्नास हजार टन चुंबकित लोखंडाचा न्यूट्रिनो-शोधक बसवायचा ठरला, २०१५ मध्ये सरकारी मंजुरीही मिळाली, पण डोंगराला अजून सुरुंग लागलेला नाही. त्याचा ८५ टनी नमुना मदुराईत उघड्या जमिनीवर म्युऑन मोजतो आहे. गावकऱ्यांचे आक्षेप मी सरसकट खोटे म्हणणार नाही. डोंगर त्यांचा आहे. पण आपण प्रयोगशाळेबद्दल त्यांच्याशी बोलायला गेलो तेव्हा फार उशीर झाला होता, असं माझं मत आहे. करबुड्याच्या मावशीला चार मिनिटांत कळलं ते थेणीच्या मावशीलाही कळलं असतं.

भोके आलं. बोगद्याबाहेर पडताच पेटी पुन्हा सुरू झाली. "आलं आलं," नातू.

बुधवारची रात्र, गणेशगुळे

सगळ्यात आवडता मुक्काम. पावसच्या पुढे, समोर उघडा अरबी समुद्र, मागे टेकडी. इथे डोक्यावरचा दगड मोजायचा नव्हता, दिशा मोजायची होती.

वैश्विक किरणांचे मूळ कण बहुतेक प्रोटॉन, म्हणजे धनभारित. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवतं. विषुववृत्ताजवळ हे क्षेत्र जमिनीला जवळपास समांतर असल्यामुळे तिथे अडवणूक सगळ्यात जास्त. कमी जोराचे कण दक्षिण भारतात खाली पोचतच नाहीत. आणि धनभारित कणांना पूर्वेकडून शिरणं पश्चिमेपेक्षा कठीण जातं. म्हणजे पश्चिमेकडून जास्त यायला हवेत. हा अंदाजही रोसीचाच, १९३० चा. १९३३ मध्ये जॉन्सन, आणि कॉम्प्टनबरोबर तेव्हा विद्यार्थी असलेला अल्वारेझ, यांनी मेक्सिकोत तो मोजला, आणि त्यावरूनच हे कण धनभारित आहेत हे ठरलं. पन्हाळेकाजीला पिरॅमिडवाला म्हणून भेटला तोच हा अल्वारेझ.

कोकणात याहून सोपी मांडणी नाही: पश्चिम म्हणजे समुद्र, पूर्व म्हणजे सह्याद्री. पाट्या एकमेकींपासून तीस सेंटीमीटर लांब केल्या, लाकडी घोडीवर पंचेचाळीस अंशांत बसवल्या. अर्धा तास समुद्राकडे, अर्धा तास डोंगराकडे, आलटून पालटून. सलग चार तास एकीकडे आणि चार तास दुसरीकडे ठेवलं असतं तर मधे हवेचा दाब बदलला की आकडे हलले असते. दाब वाढला म्हणजे डोक्यावर हवा जास्त, म्युऑन कमी. आपण हवेला काही नाही समजतो, पण समुद्रकाठी डोक्यावरची हवा दहा मीटर पाण्याइतकी भरते.

मिनिटाला जेमतेम पंधरा. रात्री नऊपासून पहाटे पाचपर्यंत. भाचा आणि मी पाळीपाळीने उठलो. दव इतकं पडत होतं की पेटीवर घरमालकिणीने दिलेलं प्लास्टिकचं इरलं घालावं लागलं. दोनच्या सुमारास एक म्हातारे रापणवाले होडी बघायला आले, घोडीकडे बघून म्हणाले, "दुर्बीण उलटी लावलीत." मला उत्तर सुचलं नाही.

पहाटे बेरीज केली. प्रत्येक बाजूला साडेतीन हजारांच्या घरात. इतक्या मोजणीत पन्नास-साठची चूक धरायची, वर्गमुळाएवढी. समुद्राकडचा आकडा डोंगराकडच्यापेक्षा तीनशेहून अधिकने वर होता. नव्वद वर्षांपूर्वीचं निदान, खारट हवेत, लाकडी घोडीवर. भाचा म्हणाला, "मामा, हे छापून येईल?" नाही येणार. पण तू आता वरून येणारे कण धनभारित कशावरून ते कुणालाही वाद घालून सांगू शकतोस.

गुरुवार, विजयदुर्ग

किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने इथूनच हेलियम शोधला असं गावात सांगतात आणि त्या तारखेला हेलियम दिन साजरा होतो. तपशील जरा वेगळा आहे. त्या दिवशी ग्रहण पाहायला आलेला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होता, लॉकियर इंग्लंडमध्ये. त्याने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिकडूनच पाहिली. विजयदुर्गला लॉकियर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. गावाने तीस वर्षं इकडेतिकडे केली म्हणून मी रागावणार नाही. विज्ञानाचा दिवस साजरा करणारी गावं आपल्याकडे आहेत किती?

कट्ट्यावर पेटी ठेवली. वरून येणाऱ्या मूळ कणांत नव्वद टक्के प्रोटॉन, आणि उरलेल्यांतले बहुतेक हेलियमचीच केंद्रं. तेव्हा काही बीप हेलियमच्या नावावर धरायला हरकत नव्हती. एक आजोबा जवळ आले. "ह्या काय हा? बॉम्ब नाय मां?" पेटी हातात दिली. त्यांनी कानाला लावून ऐकलं आणि पुढचा प्रश्न विचारला तो आतापर्यंतचा सर्वात चांगला: पावसाळ्यात गडगडाटात हे बदलतं का?

बदलतं. उटीला ग्रेप्स-३ हा प्रयोग आहे, म्युऑन मोजणाऱ्या ३७१२ नळ्यांचा. १ डिसेंबर २०१४ ला वरून वादळी ढग गेला तेव्हा तिथे म्युऑन काही मिनिटं कमी झाले. त्यावरून ढगातलं विद्युतदाबाचं अंतर निघालं १.३ अब्ज व्होल्ट. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आजोबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग वळवाक येवा." आमची एवढीशी पेटी इतक्या बारीक फरकाला पुरणार नाही हे त्यांना सांगायचं राहिलं.

शुक्रवार, गगनबावडा

तळेऱ्याहून वैभववाडी, करूळ घाट, वर. घाटमाथ्यावर हवा पातळ, म्हणून म्युऑन जास्त असायला हवेत. चांगली अर्धा तास मोजणी करायची असं ठरलं होतं. भाच्याला कोल्हापुरात मिसळीची वेळ गाठायची होती. पाच मिनिटं मिळाली. आकडा सहाशे छप्पन्न. समुद्रकाठच्या हिशेबाने सव्वासहाशे अपेक्षित, पंचवीस इकडे तिकडे. वाढ दिसते, पण सिद्ध होत नाही. असं वहीत लिहिलं, खाली 'मिसळ' असं कारण लिहिलं, आणि निघालो.